वेशीच्या आतला अर्थ, वेशीबाहेरचा अर्थ

भाषा सर्वांची असते, हे विधान मराठी समीक्षेत इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कुणाला वाटत नाही. मराठी ज्याची मातृभाषा आहे त्याला मराठीतील म्हणी आणि वाक्प्रचार आपोआप कळतात, परभाषकाला मात्र ते शिकावे लागतात, असे व्याकरणाच्या पुस्तकांतून शिकवले जाते. फरक पडलाच तर तो प्रदेशाचा पडतो. कोकणातला शब्द वऱ्हाडात कळत नाही, खानदेशातला मराठवाड्यात कळत नाही, एवढे मान्य केले जाते. हे खरे आहे, पण अर्धे खरे आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या केदारखेडा या गावी मी जी मराठी ऐकली आणि पुढे पुस्तकांतून जी मराठी वाचली, त्या दोहोंच्या आधारे मला वेगळे विधान करायचे आहे. एकच गाव, एकच बोली, एकच वाक्प्रचार. तरीही ऐकणारा वेशीच्या कोणत्या बाजूला उभा आहे यावर त्या वाक्प्रचाराचा अर्थ ठरतो. हा फरक ज्या समीक्षेला दिसत नाही, तिला दलित साहित्य नीट वाचता येणार नाही आणि एकूण मराठी साहित्यही नीट वाचता येणार नाही.

एकाच भाषेच्या भाषकांत वाक्प्रचाराचे अर्थ फाटतात, ही गोष्ट इंग्रजीच्या अभ्यासकांना परिचित आहे. एखादा ठराव 'टेबल करणे' याचा अर्थ ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे असा होतो, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे असा होतो. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत लांबलचक वाद झाला, असे चर्चिलने आपल्या युद्धाच्या आठवणींत नोंदवले आहे. घरंगळणाऱ्या धोंड्याला शेवाळ धरत नाही, ही इंग्रजी म्हण घ्या. काहींच्या लेखी शेवाळ म्हणजे साठवण. त्यांना ही म्हण एका जागी स्थिर राहण्याचा उपदेश करते. काहींच्या लेखी शेवाळ म्हणजे साचलेपणा. त्यांना तीच म्हण चालत राहायला सांगते. असे फरक इंग्रजीत मोकळेपणाने नोंदवले जातात, त्यांवर चर्चा होते. दोन अर्थ आहेत म्हणून कुणी कुणाला अडाणी ठरवत नाही.

आपल्याकडे अर्थ फाटायला मध्ये महासागर लागत नाही. गावाची वेस पुरते. आणि आपल्याकडे एक अर्थ 'बरोबर' आणि दुसरा 'चूक' ठरतो. कोणता बरोबर ठरतो, हे सांगायची आवश्यकता नाही.

प्रथम वेशीचाच वाक्प्रचार घेऊ. 'अब्रू वेशीवर टांगणे' म्हणजे घरातली लाजिरवाणी गोष्ट चारचौघांत उघड करणे. शब्दकोशात हाच अर्थ मिळेल आणि शाळेतही हाच शिकवला जाईल. पण वेस म्हणजे काय? वेस म्हणजे गाव जिथे संपते ती जागा. वेशीच्या आत अब्रू असते, वेशीवर ती टांगली जाते, आणि वेशीबाहेर? वेशीबाहेर आमचे पूर्वज राहत होते. वेशीची राखण करणारा वेसकर महार होता. म्हणजे गावाची अब्रू ज्याच्या काठीच्या आधारावर रात्री निर्धास्त झोपत होती, त्यालाच गावाच्या अब्रूत जागा नव्हती. वेशीवर टांगलेले पाहायला समोर कोण उभे असणार, तर वेशीबाहेरचा माणूस. आतल्या माणसाला वाटणाऱ्या लाजेचे मूळ त्यात आहे: आता हे 'त्यांना'देखील दिसले! बाहेरच्या माणसाच्या नजरेतून मात्र हा वाक्प्रचार वेगळे सांगतो. ज्याची सारी हयात वेशीबाहेर गेली, त्याची अब्रू कुणी कुठे टांगायची? त्याच्या झोपडीला आत आणि बाहेर असा भेदच गावाने शिल्लक ठेवला नव्हता.

दुसरे उदाहरण पाण्याचे. 'दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे' म्हणजे दुसऱ्याच्या तंत्राने चालणे, स्वतःची बुद्धी न वापरणे. एका शाळेतील चाचणी परीक्षेची उत्तरपत्रिका माझ्या पाहण्यात आली. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' या ठरावीक प्रश्नाखाली वस्तीतल्या एका मुलाने लिहिले होते, की वरून कुणीतरी ओतलेले पाणी हाताची ओंजळ करून पिणे. आणि वाक्य केले होते, 'माझे आजोबा विहिरीवर दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत.' तपासणाऱ्याने दोन्ही ओळींवर तांबडी रेघ मारून शून्य दिले होते.

व्याकरणाच्या उत्तरसूचीप्रमाणे ते शून्य योग्यच म्हणावे लागेल. ओंजळ दुसऱ्याची आहे असे शब्द सांगतात आणि मुलाने ती आजोबांची केली. पण जरा थांबून विचार करावा. ओंजळ आजोबांची होती, पाणी सर्वांचे होते, भांडे आणि भांड्याचा हात मात्र दुसऱ्याचा होता. किती वेळ थांबायचे, किती प्यायचे, धार केव्हा तुटणार हे त्या हाताने ठरवायचे. दुसऱ्याच्या तंत्राने चालणे याहून वेगळे काय असते? सूचीतला अर्थ परावलंबनाला बुद्धीचा दोष मानतो: ज्याला अक्कल नाही तो दुसऱ्याच्या ओंजळीने पितो. मुलाच्या उत्तरातला अर्थ परावलंबनाची व्यवस्था दाखवतो: ज्याला विहिरीवर हक्क नाही त्याला ओंजळ पसरावी लागते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो माणसांनी स्वतःच्या हातांनी पाणी घेतले, त्या दिवशी या वाक्प्रचाराचा दुसरा अर्थ इतिहासात लिहिला गेला. तो अजून पाठ्यपुस्तकाच्या सूचीत आलेला नाही, म्हणून एका मुलाचे गुण गेले.

तिसरे उदाहरण सावलीचे. 'मी त्याच्या सावलीलाही उभा राहणार नाही,' असे आपण रागाने म्हणतो. म्हणजे इतका तिटकारा की त्याच्या जवळपासही जाणार नाही. पांढरपेशा कादंबरीतला नायक हे वाक्य रुसून बोलतो आणि दोन प्रकरणांनंतर सावलीच काय, त्याच घरात जेवायलाही बसतो. केदारखेड्याच्या वस्तीतल्या एका वृद्ध बाईला मी या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला. तिने जे सांगितले त्याचा आशय असा, की पूर्वी गावातला माणूस समोरून आला की आपणच बाजूला व्हायचे, सावली पडू द्यायची नाही; उभे राहणार नाही असे म्हणायची सोय आपल्याला कुठे होती? तिच्या लेखी सावली ही रागाची भाषा नव्हती. ती चालण्याची रीत होती. उन्हाची तिरीप कोणत्या बाजूने येते हे पाहून पाऊल टाकावे लागणाऱ्या माणसाला सावली शब्द अलंकार म्हणून वापरता येत नाही.

मराठवाड्याच्या बाबतीत एक गोष्ट आणखी लक्षात घेतली पाहिजे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यात मूकनायक १९२० साली निघाला, बहिष्कृत भारत १९२७ साली निघाला, महार वतनाचे विधेयक १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात मांडले. त्या प्रबोधनाचे वारे इकडे पोहोचले, पण राज्य निराळे होते आणि शिक्षणाची भाषाही निराळी होती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तेव्हा कुठे खेड्यापाड्यांतल्या आमच्या मुलांच्या हातात छापील मराठी मोठ्या प्रमाणात आली. त्या छापील मराठीत त्यांना काय भेटले? तिथे त्यांना 'धेडगुजरी' हा शब्द भेटला.

सरमिसळ झालेल्या, अशुद्ध, ओबडधोबड भाषेला मराठी समीक्षक धेडगुजरी म्हणतात. अग्रलेखात, व्याख्यानात, भाषाशुद्धीच्या चर्चेत हा शब्द सर्रास येतो. वापरणाऱ्याच्या मनात इंग्रजाळलेली मराठी असते. पण धेड हे जातीचे नाव आहे, आणि निजामी मराठवाड्यात महारांना हेच नाव होते. आता हा शब्द औरंगाबादच्या वर्गात बसलेल्या, पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याच्या कानाने ऐका. प्राध्यापक भाषेच्या शुद्धतेविषयी तळमळीने बोलत आहेत आणि अशुद्धतेला त्याच्या आजोबांच्या जातीचे नाव देत आहेत. प्राध्यापकांच्या मनात काहीही नसेल, नव्हतेच असे धरून चालू. विद्यार्थ्याला मात्र त्या एका शब्दाने कळते की जिला शुद्ध म्हणतात त्या भाषेत आपण आधीपासूनच आहोत, डाग म्हणून आहोत.

'जात' या शब्दाचेच पाहा. उत्तम घोडा जातिवंत असतो, खरा गायक जातिवंत कलावंत असतो, हुशार मूल जात्याच हुशार असते. आणि माणसाने क्षुद्र वागणूक केली की 'शेवटी जातीवर गेला' असे म्हणतात. एकाच शब्दापासून निघालेले हे दोन वाक्प्रचार एकाच तोंडातून, एकाच दिवशी निघतात आणि बोलणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही. कारण त्यात विसंगती नाहीच. जात उंच असेल तर तिच्यावर जाणे म्हणजे जातिवंत असणे. जात खालची असेल तर तिच्यावर जाणे म्हणजे अधोगती. संपूर्ण वर्णव्यवस्थेचे तत्त्वज्ञान या दोन वाक्प्रचारांत बसले आहे, तेही कोणताही धर्मग्रंथ उघडल्याशिवाय. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. वाक्प्रचार जाळता येत नाहीत. ते जिभेवर राहतात. म्हणून त्यांची चिकित्सा अधिक कठीण आणि अधिक आवश्यक आहे.

'पायरी ओळखून वागणे' आणि 'पायीची वहाण पायीच बरी' या दोघांना एकत्र वाचले पाहिजे. पहिल्याचा सभ्य अर्थ आहे मर्यादा सांभाळणे. दुसऱ्याचा कोशातला अर्थ आहे हलक्याला फार चढवून ठेवू नये. पायरी म्हटल्यावर वारकऱ्याला नामदेवाची पायरी आठवते आणि तो नम्र होतो. त्याच महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. परंपरेने त्यांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणा राजा आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, म्हणून चोखोबा आम्हाला दूरचे वाटत नाहीत. नामदेवांनी पायरी मागून घेतली असे परंपरा सांगते. चोखोबांना पायरी ओलांडू दिली गेली नाही. एकाची पायरी म्हणजे विनय, दुसऱ्याची पायरी म्हणजे बंदी. पंढरपूरचे ते दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले; त्याआधी २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला होता. इतके घडल्यावरही 'पायरी ओळखून वागा' हे वाक्य केवळ शिष्टाचाराचे आहे, असे कुणी म्हणत असेल तर त्याने ते कोणत्या पायरीवर उभे राहून म्हटले, हे विचारावे लागेल.

वहाणेच्या म्हणीत आणखी एक गंमत आहे. वहाण पायातच बरी, हे म्हणणाऱ्याने वहाण तयार केलेली नाही. ज्याने मेलेल्या जनावराचे कातडे सोडवले, ज्याने ते कमावले, ज्याने ते शिवले त्याच्या लेखी वहाण ही कसबाची वस्तू आहे. ती करताना त्याने ती हातात घेतली, मांडीवर ठेवली, दातांनी वादी ओढली. 'चांभाराच्या देवाला खेटराची पूजा' ही म्हण 'जसा देव तशी पूजा' अशा तुच्छतेने वापरली जाते. पण आपल्या हाताने केलेली सर्वोत्तम वस्तू आपल्या देवाला वाहणे, याला जगात इतरत्र भक्ती म्हणतात. शेतकऱ्याने कणीस वाहिले तर ती भक्ती, माळ्याने फूल वाहिले तर ती भक्ती, आणि चांभाराने जोडा वाहिला तर ती म्हण! श्रमाला विटाळ चिकटवल्याशिवाय ही म्हण हास्यास्पद होऊच शकत नाही.

येथे एक आक्षेप येईल, तो गंभीर आहे. वाक्प्रचार ही मेलेली रूपके असतात, बोलताना त्यांचे मूळ कुणाच्या मनात नसते, तेव्हा त्यांत जात शोधणे म्हणजे भाषेवर संशय घेणे होय. मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. बोलणाऱ्याच्या मनात मूळ नसते. पण रूपक कुणासाठी मेले? अमेरिकन इंग्रजीत 'नदीच्या खालच्या अंगाला विकणे' असा वाक्प्रचार आहे; अर्थ, विश्वासघात करणे. कचेरीतला गोरा कारकून साहेबावर चिडला की हे शब्द वापरतो. मिसिसिपी नदीच्या वाटेने दक्षिणेच्या मळ्यांकडे काळ्या गुलामांना विकले जाई, आईपासून लेकरू तोडले जाई, तेथून हा वाक्प्रचार आलेला आहे. ज्यांचे पूर्वज त्या नदीवरून विकले गेले त्यांच्यासाठी ते रूपक मेलेले नाही. रूपक मरते ते ज्याला त्याची झळ लागत नाही त्याच्यापुरते. आपल्याकडे १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव समोर ठेवून. त्या नात्यामागे भाषेचा हा समान अनुभवही होता.

मग कोशांचे काय? कॅप्टन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. मॅनवेअरिंग या मिशनऱ्याचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ साली प्रसिद्ध झाला. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश १९४२ आणि १९४७ असा दोन भागांत आला. या सर्वांचे परिश्रम थोर आहेत आणि त्यांच्याशिवाय आपल्याला आज तुलनाही करता आली नसती. पण परदेशी अधिकाऱ्याला अर्थ सांगणारे शास्त्री-पंडित होते, आणि पुढचे कोशकारही त्याच परंपरेत वाढले. 'गाव तिथे महारवाडा' या म्हणीचा अर्थ चांगल्याबरोबर वाईट असायचेच असा देण्याची प्रथा त्यातून रूढ झाली. महारवाड्यातल्या माणसाला कुणी अर्थ विचारला असता तर त्याने काय सांगितले असते? त्याने सांगितले असते की आम्ही आहोत म्हणून गाव आहे. राखण आमची, सांगावा आमचा, मेलेले ढोर ओढणे आमचे, सरणाची लाकडे आमची. आम्हाला वगळून गाव एक दिवस चालत नाही, म्हणून गाव तिथे आम्ही. याच म्हणीत आंबेडकरी विचाराने तिसरा अर्थ वाचला: जिथे हिंदू गाव आहे तिथे बहिष्काराची वस्ती असणारच, कारण तिच्याशिवाय गावाची रचनाच पुरी होत नाही. पहिला अर्थ तिरस्काराचा, दुसरा श्रमाचा, तिसरा विश्लेषणाचा. कोशात एकच छापला गेला.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह आहे. पण फलकावरचे नाव बदलले तरी म्हणीतला महारवाडा शासननिर्णयाने हलत नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा उघड ठिकाणी जातिवाचक अपमान करणाऱ्याला शिक्षा देऊ शकतो. कुणालाही उद्देशून नसलेल्या, सवयीने तोंडात आलेल्या म्हणीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही आणि पोहोचावा असेही मला वाटत नाही. हे काम पोलिसाचे नाही. ते समीक्षकाचे आणि शिक्षकाचे आहे.

दलित साहित्याने हे काम कोणतीही घोषणा न करता सुरू केले, हे आमच्या समीक्षेने अजून पुरेसे सांगितलेले नाही. वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांत आपण हे साहित्य इतके बसवले की त्याने भाषेचे अर्थ कसे फिरवले हे पाहायचे राहिले. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या शीर्षकाकडे पाहा. चोरणे म्हटल्यावर कोशाला चोर दिसतो. पण मराठीत अंग चोरणे म्हणजे आक्रसून बसणे, दुसऱ्याला आपला स्पर्श होऊ नये अशी जागा कमी व्यापणे. जात चोरली याचे दोन्ही अर्थ एकदम ऐकू आले पाहिजेत: जात लपवली, आणि अंग चोरण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय जातीपर्यंत नेली. जो केवळ लपवणे ऐकतो त्याला नायकाचा अपराध दिसतो. जो अंग चोरणेही ऐकतो त्याला गुन्हेगार कोण हे दिसते.

दया पवारांनी १९७८ साली आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले. ग्रामव्यवस्थेच्या पुस्तकांत बलुते म्हणजे परस्परसहकार्याचा सुंदर नमुना. पवारांच्या पुस्तकानंतर तो शब्द त्या निरागसतेने वापरणे अवघड झाले. शंकरराव खरातांनी १९८१ साली 'तराळ अंतराळ' म्हणताना गावकीच्या कामाचे नाव आकाशाशेजारी ठेवले. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे. बारा माशांचा तोळा. अकरा माशांचे ते खोटे, कमअस्सल. सोनाराच्या तराजूतून निघालेली ही शिवी लेखकाने स्वतःच्या नावासारखी मुखपृष्ठावर लावली आणि प्रश्न उलटा फिरवला: मी एका माशाने कमी भरतो तर तो मासा कुणी काढून घेतला? उर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३) या नावात बांबूचे विणकाम आहे, आईचे हात आहेत. लेखकांनी ज्या शब्दांना अप्रतिष्ठेचा अर्थ होता त्यांना पुस्तकाच्या दारावर उभे केले आणि वाचकाला सांगितले, आता या दारानेच आत यावे लागेल.

'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकरांनी जी प्रस्तावना लिहिली तिच्यात आपल्याला न कळलेल्या शब्दांची प्रामाणिक कबुली आहे. मराठीतला एक मोठा लेखक मराठी कवितेतले शब्द कळत नाहीत असे म्हणतो, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. पण तिच्यातून प्रस्थापितांनी काढलेला निष्कर्ष असा, की दलित लेखनाला शब्दार्थांची यादी जोडावी. ठीक आहे. आमच्या पुस्तकांना यादी जोडली गेली, आम्हीही जोडली. मात्र 'अर्घ्य', 'सोवळे', 'पाट-पाणी', 'चौरंग', 'मुंजा' या शब्दांची यादी कोणत्या मराठी कादंबरीच्या शेवटी असते? वस्तीतल्या मुलाने ते शब्द शिकून घ्यायचे, आणि 'हाडोळा' व 'येसकर' यांना टीप लावायची. कुणाची मराठी टिपेत जाते आणि कुणाची मजकुरात राहते, यावरून भाषेचा मालक कोण ते कळते.

आता आपल्याच घराकडे वळले पाहिजे. वेशीबाहेर जन्मल्याने म्हणीचा दुसरा अर्थ आपोआप कळतो असे मानणे ही फसवणूक ठरेल. चांभाराच्या देवाची म्हण महारवाड्यात हसत हसत सांगितली जाते, हे आपण सर्व जाणतो. मांगवाडा आणि महारवाडा एकमेकांविषयी ज्या भाषेत बोलत आले ती भाषा गावानेच दिलेली होती. शिकून नोकरीला लागलेला आपला माणूस वस्तीतल्या भावाला 'जातीवर गेलास' असे म्हणतो तेव्हा तो वेशीच्या आतला अर्थ पगारासोबत घेऊन आलेला असतो. आणि आपण सारे घरातल्या मुलीला 'पायरी सोडू नकोस' असे म्हणतो, तेव्हा आपल्या घराच्या आतही एक वेस असते. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' वाचल्यावर ती वेस दिसत नाही असे म्हणायची सोय राहत नाही. 'चूल आणि मूल' हा वाक्प्रचारही असाच तपासावा लागेल. शहरी स्त्रीमुक्तीच्या भाषेत तो कोंडलेपणाचा आहे. पहाटेपासून परक्याच्या शेतात खुरपणी करून, मूल बांधावर झोपवून, रात्री तीन दगडांवर भाकरी भाजणाऱ्या बाईला तो कसा ऐकू येईल? तिला चुलीपुरते राहणे कधी मिळालेच नाही, आणि चुलीपासून सुटकाही मिळाली नाही.

तेव्हा करायचे काय? म्हणी हद्दपार करा, असे मी म्हणणार नाही. हद्दपारी हे त्या व्यवस्थेचे हत्यार आहे, आणि म्हण हा पुरावा आहे. पुरावा जपून ठेवायचा असतो. मागणी एवढीच आहे की प्रत्येक अर्थासमोर तो कुणाचा अर्थ आहे हे लिहावे आणि राहिलेला अर्थ जोडावा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. हा शब्दही आपण दोन्ही कानांनी ऐकला पाहिजे! या दर्जामुळे कोशांचे, संग्रहांचे, संशोधनाचे काम वाढणार असेल तर त्यात वेशीबाहेरच्या अर्थांची नोंद झाली पाहिजे, अशी मागणी आपण आत्ताच केली पाहिजे. ते काम झाल्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही.

त्यासाठी विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर एक वही करावी. पानाच्या मध्ये उभी रेघ मारावी. डाव्या बाजूला कोशातला अर्थ, उजव्या बाजूला वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेला अर्थ, त्याच्याच शब्दांत, न सुधारता लिहावा. सांगणाऱ्याचे वय आणि काम खाली नोंदवावे. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा, पारध्यांचे पाल, असे सर्वत्र जावे आणि एकमेकांविषयीच्या म्हणीही लपवू नयेत. खाल्ल्या मिठाला जागणे, शिळ्या कढीला ऊत आणणे, मेल्या म्हशीला मणभर दूध, या साध्या दिसणाऱ्या म्हणींपासून सुरुवात केली तरी पुष्कळ हाती लागेल. मीठ कुणी कुणाचे खाल्ले, कढी कुणाच्या वाट्याला शिळीच आली आणि मेलेली म्हैस कुणी ओढून नेली, हे विचारले की झाले. ज्यांच्या आठवणीत हे अर्थ आहेत त्या पिढीतली माणसे आता थोडी उरली आहेत.

आणि शिक्षकांसाठी एक विनंती. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाखाली एखाद्या मुलाने सूचीत नसलेला अर्थ लिहिला, तर तांबडी रेघ मारण्यापूर्वी त्याला वर्गात उभे न करता, बाजूला बोलावून विचारावे, हा अर्थ तुला कुणी सांगितला? त्याने आजोबांचे नाव घेतले तर त्याला गुण द्यावेत, आणि सूचीतला अर्थही शिकवावा. त्याला दोन्ही अर्थ येऊ द्यावेत. वेशीच्या आतल्या मुलांनाही दोन्ही येऊ द्यावेत. दोन्ही अर्थ ज्याला येतात, मराठी पूर्णपणे त्यालाच येते.